पिंजलेला मामा

भाचा मला मामा म्हणतो ते नात्याने, असं मी गेली चाळीस वर्षं धरून चाललो होतो.

त्याचं बारामतीच्या एमआयडीसीत उशांचं छोटंसं युनिट आहे. उशीत भरायचं पॉलिएस्टर फायबर तो एरवी इकडच्याच व्यापाऱ्याकडून उचलायचा; गेल्या वर्षी ऐन उसाच्या हंगामात त्याने धाडस करून परदेशातून एक कंटेनर मागवला. आता परदेशी माल म्हटला की न्हावा शेव्याला कस्टम्स आलं, आणि कस्टम्स म्हटलं की मालाचं नेमकं वर्णन आणि आठ आकडी कोड आला. "मामा, तुमचं इंग्रजी पक्कं आहे, आणि तुम्हाला वेळही आहे. कस्टम्सच्या एजंटाला, म्हणजे सीएचएला, काय लिहून द्यायचं तेवढं बघा ना," भाचा म्हणाला. यातली वेळाची गोष्ट खरी होती.

नमुन्याची पिशवी घेऊन मी बारामतीहून इंदापूरच्या एसटीत बसलो. पिशवी वजनाला दोन किलो आणि आकाराला दोन माणसं. भवानीनगरच्या अलीकडे उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी अडकली, तेव्हा शेजारच्या आजोबांनी विचारलं, "कापूस का?" मी म्हटलं, "नाही, सिंथेटिक स्टेपल फायबर." ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि मग खिडकीतून बाहेर बघायला लागले. पुढे जंक्शन आलं. या गावात रेल्वे नाही, तरी नाव जंक्शन. नावाचा आणि मालाचा संबंध असतोच असं नाही, ही सूचना तिथेच मिळाली होती. मी घेतली नाही.

घरी आल्यावर चहा ठेवायला सांगून टॅरिफ उघडलं. हे कोडचं शास्त्र म्हणजे मोठं देवस्थान आहे. पहिले सहा आकडे ब्रुसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेचे, १९८८ पासून लागू, म्हणजे फायबर टोकियोला उतरो की न्हावा शेव्याला, गोत्र तेच. शेवटचे दोन आकडे आपल्या सरकारचे. आमच्या मालाचा प्रकरण क्रमांक ५५. त्यात शिरलो आणि उंबऱ्यातच ठेच लागली. तिथे 'सिंथेटिक' वेगळं आणि 'आर्टिफिशियल' वेगळं. आमच्या घरी दोन्ही म्हणजे 'खोटं'. पण कायद्याच्या लेखी रसायनांपासून रेणू जोडजोडून केलेलं पॉलिएस्टर, नायलॉन, अ‍ॅक्रिलिक ते सिंथेटिक, आणि लाकडाचा लगदा विरघळवून काढलेलं व्हिस्कोस ते आर्टिफिशियल. पहिलं ५५०३ मध्ये, दुसरं ५५०४ मध्ये. थोडक्यात, एक जन्मापासून खोटं आणि दुसरं खऱ्या घराण्यातलं पण बिघडलेलं.

पिशवीत पॉलिएस्टरच आहे हे बिलावर छापलं होतं. शहाणा माणूस तिथे थांबला असता. मी मात्र कुठेतरी वाचलं होतं की जाळून बघितलं की कळतं: व्हिस्कोस कागदासारखं जळून राख होतं आणि पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. मी स्वयंपाकघरातली सांडशी घेतली, एक पुंजका गॅसवर धरला, पुंजका आक्रसला, वितळला, त्याचा छान काळा थेंब झाला आणि तो माझ्या टेरिकॉटच्या पॅंटवर पडला. ही पॅंट म्हणजे थोरल्या मेव्हण्याच्या लग्नात मिळालेला कपडा, पस्तीस वर्षं न विटलेला. मांडीवर वाटाण्याएवढं भोक पडलं. पॉलिएस्टरने पॉलिएस्टरला ओळखलं.

सांडशीला चिकटलेला मणी अजून निघालेला नाही. सौभाग्यवतींनी त्यावर काही न बोलता चहा दिला, आणि त्या बोलत नाहीत तेव्हा मी जास्त घाबरतो.

पुढे 'टो' नावाची भानगड आली. सलग तंतूंचा दोर दोन मीटरपेक्षा लांब असेल तर ५५०१, दोन मीटर किंवा त्याहून कमी असेल तर ५५०३, आणि शिवाय तो ताणून मूळ लांबीच्या दुपटीपलीकडे जाता कामा नये. आमचं फायबर बोटाच्या दोन पेरांएवढं, कुरळं. तरीही मी एक तंतू टेबलावर टेप लावून मोजला. चष्म्याशिवाय तो दिसेना, आणि चष्मा लावून श्वास सोडला की उडून जाई. तीन तंतू असे परागंदा झाल्यावर मी ते प्रकरण मिटवलं.

खरा घात पुढेच होता. ५५०३ म्हणजे 'नॉट कार्डेड ऑर कोम्ब्ड' असं फायबर, आणि तेच कार्डेड किंवा कोम्ब्ड असेल तर ५५०६. म्हणजे सगळा प्रश्न आता कार्डावर आला होता. मी पिशवी उलटीपालटी केली. आत एक कार्ड होतं! पांढरं, जाड, मालाचं नाव आणि लॉट नंबर छापलेलं, सुतळीने बांधलेलं. माल कार्डेड आहे, यात शंकाच उरली नाही.

राहिलं कोम्ब्ड. विंचरलेलं आहे का हे बघायला विंचरून बघण्यावाचून दुसरा उपाय मला सुचला नाही. सौ.ची फणी घेऊन मी तासभर फायबर विंचरलं. गाठी सुटल्या, पुंजके मोकळे झाले, दोन किलोंच्या पिशवीतून ढग बाहेर आला आणि सोफा, दूरदर्शन संच, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण यांच्यावर पसरला. उजनीच्या काठी उतरलेल्या रोहित पक्ष्यांना बघायला लोक भिगवणला गाड्या करून जातात. आमच्या दिवाणखान्यात ते दृश्य फुकट होतं. त्या ढगाचा फोटो काढून, खाली '५५०६' असं ठळक लिहून, मी तो सीएचएला पाठवला आणि दुपारी झोपलो.

संध्याकाळी भाच्याचा फोन. बिल ऑफ एंट्रीच्या आधी येणारी चेकलिस्ट त्याने बघितली होती. "मामा, पाठवणाऱ्याने ५५०३ लिहिलंय, तुम्ही ५५०६! आणि सीएचए म्हणतोय, फोटोत तर माल प्रोसेस केलेला दिसतोय. कागद एक आणि माल दुसरा निघाला तर कंटेनर अडकेल, नमुना लॅबला जाईल, रोजचं डेमरेज कोण भरणार?"

"पण कार्ड होतं रे आत," मी म्हणालो.

पलीकडे बराच वेळ शांतता. मग त्याने फार हळू आवाजात, लहान मुलाला समजवावं तसं सांगितलं की कार्डिंग म्हणजे तारेचे बारीक दात असलेल्या रुळांवरून तंतू सोडवून मोकळे करायचे. "ते मशीन माझ्याकडेच आहे, मामा. मग तयार माल मी बाहेरून कशाला आणू?"

फोन स्पीकरवर होता. कोपऱ्यात जपमाळ ओढत बसलेली आई, वय सत्त्याऐंशी, माळ न थांबवता म्हणाली, "म्हणजे पिंजणं. दिवाळीच्या आधी धनुकली घेऊन पिंजारी यायचा, तो काय करायचा मग? सांग त्या माणसाला, पिंजलेला नाही म्हणून."

एका वाक्यात प्रकरण ५५ निकालात निघालं. मी त्यासाठी एक पॅंट, एक सांडशी आणि एक फणी खर्ची घातली होती.

कोड बदलला, ५५०३ २० ०० झाला, दुसऱ्या पिशवीचा न विंचरलेला फोटो भाच्याने स्वतः पाठवला, आणि एक दिवस उशिरा का होईना माल सुटला. नंतर माझ्या ज्ञानपिपासेने आणखी एक शोध लावला: तेव्हा जीएसटी ५५०३ वरही १८ टक्के होता आणि ५५०६ वरही १८ टक्केच. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून दोन्हींवर ५ टक्के झाला. ही बातमी मी भाच्याला मोठ्या उत्साहाने दिली. तो म्हणाला, "मामा, तुम्ही चहा घ्या."

घरभर उडालेलं फायबर सौ.ने तीन दिवस झाडूने गोळा केलं, अभ्रा शिवला, आणि त्याची उशी केली. उशी प्रकरण ९४ मध्ये जाते, ९४०४, तिथे ती खुर्च्या-कपाटांच्या शेजारी बसते. हे मी तिला सांगायला गेलो, तर तिने उशी माझ्या हातात दिली.

परवा पुन्हा भाच्याचा फोन आला, गाद्यांसाठी कसला तरी फोम मागवायचा म्हणत होता. फोन सौ.ने घेतला.

"मामा झोपलेत," ती म्हणाली.

मी समोरच बसलो होतो.