पामेलाबाईंचा चेहरा

२०२३ सालच्या पॅरिस फॅशन वीकला पामेला अँडरसन गेल्या आणि त्याची जगभर बातमी झाली. कपड्यांची नव्हे. बाई तोंडाला काहीही न लावता गेल्या होत्या, याची. काजळ नाही, लाली नाही, छप्पन्नाव्या वर्षी असायच्या त्या सुरकुत्या जागच्या जागी. आमच्या सोसायटीत रोज सकाळी दुधाची पिशवी घ्यायला खाली उतरणाऱ्या बायका हेच धाडस वर्षानुवर्षं करतायत, गाउनवर ओढणी टाकून. पण त्यांना कुणी आधी ‘बेवॉच’मध्ये पाहिलेलं नाही.

ज्यांच्या घरी नव्वदच्या दशकात केबल आली, त्यांना पामेलाबाईंची ओळख करून द्यायला नको. लाल स्विमसूट, समुद्रकिनारा आणि ते संथ गतीचं धावणं. तेवढ्यात आजोबा बाहेरच्या खोलीत यायचे आणि रिमोट नेमका तेव्हाच सापडायचा नाही. पुढे २०१० मध्ये बाई थेट आपल्याकडेच आल्या, ‘बिग बॉस’च्या चौथ्या पर्वात, पांढरी साडी नेसून, तीन दिवसांच्या पाहुण्या म्हणून. ती साडी अंगावर टिकून कशी राहिली, यावर आमच्या शेजारच्या काकू बरेच दिवस बोलत होत्या. पिना कुठे लावायला हव्या होत्या, तेही त्यांनी स्वतःच्या खांद्यावर दाखवलं होतं.

तर या बाईंनी २०२३ च्या जानेवारीत ‘लव्ह, पामेला’ हे आत्मचरित्र काढलं. नटनट्यांची आत्मचरित्रं बहुधा दुसरंच कुणीतरी लिहितं. हे बाईंनी स्वतः लिहिलंय, आणि मधूनमधून चक्क कविता आहेत. गद्य चालता चालता ओळी तुटायला लागतात. पन्नाशीनंतर माणूस कवितेकडे वळला की घरचे जरा धास्तावतात. पण इथे ते खपून जातं, कारण सांगण्यासारखं पुष्कळ आहे.

कॅनडाच्या पश्चिम टोकाला व्हँकुव्हर बेटावर लेडीस्मिथ नावाचं छोटं गाव आहे. १ जुलै १९६७ रोजी देश शंभर वर्षांचा झाला आणि त्याच दिवशी तिथे या जन्मल्या. १९८९ मध्ये व्हँकुव्हरच्या स्टेडियममध्ये फुटबॉलचा सामना पाहायला गेल्या, अंगात बिअर कंपनीचा टीशर्ट. कॅमेऱ्याने त्यांना टिपलं, मोठ्या पडद्यावर दाखवलं, लोकांनी गलका केला. कंपनीने जाहिरातीत घेतलं आणि त्याच वर्षी ‘प्लेबॉय’च्या मुखपृष्ठावर झळकल्या. सामना कोण जिंकलं, हे कुणी विचारत नाही. तेव्हापासून हा चेहरा ज्याच्या त्याच्या मालकीचा झाला. घरातल्या तिजोरीतून नवराबायकोची खासगी चित्रफीत चोरीला गेली आणि जगभर विकली गेली. २०२२ मध्ये त्या चोरीवर एक मालिकाही निघाली, तीही बाईंना न विचारता.

इथे मला आपल्या मराठी पडद्यावरच्या हंसा वाडकर आठवतात. त्यांनी ‘सांगत्ये ऐका’ या आत्मचरित्रात आपलं आयुष्य आधी स्वतः सांगितलं, तेही मध्यमवर्गाच्या भुवया वर जातील इतकं सरळ, आणि त्यावरून ‘भूमिका’ हा सिनेमा मागाहून, १९७७ मध्ये आला. पामेलाबाईंचं सगळं उलट्या क्रमाने झालं. जगाने सांगून संपवल्यावर यांची पाळी आली.

पुस्तकाबद्दल बोलताना लोक एक शब्द फार वापरतात: आत्मस्वीकार. हा शब्द ऐकला की मला पाठ ताठ करून बसल्यासारखं वाटतं. आमच्या भिशीतही हल्ली तो आलाय. एकजण म्हणाली, मी स्वतःला आहे तशी स्वीकारलंय. आणि ग्रुपवर फोटो टाकला तो गाल गुळगुळीत करून. बाकीच्यांनी कसा स्वीकारायचा?

आणि स्वीकार नसेल, तर जे करावं लागतं ते काही कमी नाही. रविवारी सकाळी स्वयंपाकघरातून कायमची हद्दपार झालेली स्टीलची वाटी काढायची. त्यात काळी मेहंदी कालवायची, जुन्या टूथब्रशने भांगात भरायची. कानाच्या पाळ्यांना व्हॅसलीन, खांद्यावर विटका टॉवेल. मग अर्धा तास कशालाही डोकं न टेकता बसायचं. त्याच अर्ध्या तासात कुरियरवाला येतो. तो बिचारा काही बोलत नाही, सही घेतो. पण सही करताना आपलं लक्ष कपाळावरून खाली येणाऱ्या ओघळाकडे असतं. (पुरुषांचं वेगळं. त्यांच्या डोक्यावर बर्फ पडला तरी मिशी कोळशासारखी, आणि वर ‘आमच्या घराण्यातच केस पिकत नाहीत’.)

पामेलाबाईंनी मेकअपचा उद्योग सोडला तो काही साक्षात्कार होऊन नाही. त्यांची वर्षानुवर्षांची मेकअप करणारी मैत्रीण ॲलेक्सिस व्होगेल २०१९ मध्ये स्तनाच्या कर्करोगाने गेली. ती नाही तर मेकअपही नको, असं त्यांना वाटलं. मला हे कारण फार आवडलं. यात तत्त्वज्ञान नाही, मोहीम नाही. रोज तोंडाशी तोंड आणून गप्पा मारणारं माणूस उरलं नाही, तर त्या खुर्चीत तीन तास बसायचं कुणासाठी? मोहीम नंतर जगाने केली.

मधल्या काळात बाई लेडीस्मिथला परतल्या. आजीची जागा त्यांनी पूर्वीच घेऊन ठेवली होती. तिची डागडुजी काढली, भाजीपाला लावला, गुलाब लावले. पुढे मांसमच्छी, दूधदुभतं काही नसलेल्या पदार्थांचं पुस्तक काढलं. लोणचीही घालतात, म्हणजे व्हिनेगरमधल्या काकड्या, ज्या आपल्याकडे कुणी पानात डावीकडे वाढणार नाही, पण बरण्या भरतात हे खरं. मला वाटतं, चेहऱ्याशी मिटलं ते इथे. आरशासमोर उभं राहून स्वतःला माफ करत बसण्यापेक्षा गळकं छप्पर असलेलं घर घ्यावं. आरशाकडे बघायला वेळच मिळत नाही. आणि २०२४ मध्ये आलेल्या ‘द लास्ट शोगर्ल’मध्ये त्यांना लास व्हेगासच्या वय झालेल्या नर्तकीची भूमिका मिळाली आणि त्यासाठी गोल्डन ग्लोबचं नामांकनही. लोक म्हणाले, अरे, हिला अभिनय येतो!

हे सगळं मी माझ्या नणंदेला मोठ्या उत्साहाने सांगितलं. वन्सं साठीच्या आहेत, ऐकून घेतात. शेवटी म्हणाल्या, “ते सगळं ठीक आहे गं. पण त्वचा बघ की तिची. काहीतरी लावत असणारच.”

“आता स्किनकेअरच्या एका कंपनीत भागीदार आहेत त्या,” मी म्हटलं.

“बघ!” वन्सं म्हणाल्या, आणि चष्मा लावून फोन पुढे ओढला. “नाव काय कंपनीचं?”