अज्ञान पालनकर्ता

जमिनीच्या दफ्तरात मालक वयाने लहान असला म्हणजे त्याच्या नावाबरोबर एखाद्या वडीलधाऱ्याचे नाव अज्ञान पालनकर्ता म्हणून चढवण्याची वहिवाट आहे. आणि त्या मिळकतीतले आंबे प्रत्यक्षात कोण खातो, याची चौकशी करण्याच्या भानगडीत शहाणा तलाठी सहसा पडत नाही. मुलांसाठी म्हणून काढलेले नाताळचे विनोदी चित्रपट ज्यांच्या घरी डिसेंबर महिन्यात नेमाने लागतात, त्या प्रौढ गृहस्थांचा समावेश याच पालनकर्त्यांत करावा लागेल. चित्रपट मुलांच्या नावे, उपभोग यांचा. अमेरिकेत हा वर्ग अमाप आहे, आणि नोकरीच्या निमित्ताने तिकडे जाऊन स्थायिक झालेल्या आपल्या लोकांतही त्याचा यथास्थित प्रादुर्भाव झालेला आहे. त्यातला जो नमुना मला जवळून न्याहाळता आला तो मूळचा वाईचा, सध्या राहणार शिकागोचे एक उपनगर, आणि पेशाने एका विमा कंपनीत नुकसानभरपाईचे दावे तपासणारा आहे.

वर्षाचे अकरा महिने या गृहस्थांची अभिरुची अत्यंत कडक असते. मित्रमंडळींत चित्रपटांचा विषय निघाला की कुरोसावा आणि सत्यजित राय यांच्याखाली ते उतरत नाहीत; हिंदी चित्रपटातील योगायोगांवर तर ते असे काही तुटून पडतात की हरवलेले जुळे भाऊ पुन्हा भेटले यात आपलाच काही अपराध आहे असे ऐकणाऱ्याला वाटू लागावे. नाताळात कोणता चित्रपट पाहावा, असे एखाद्या परक्या माणसाने विचारलेच, तर ते बर्गमनच्या १९८२ सालच्या ‘फॅनी अँड अलेक्झांडर’चे नाव घेतात आणि त्याचा आरंभ नाताळच्या सोहळ्यानेच होतो हे प्रमाण म्हणून पुढे करतात. प्रमाण अचूक आहे. फक्त त्या चित्रपटाची तबकडी त्यांच्या कपाटात अद्याप वेष्टनासकट विराजमान आहे, आणि तिच्या शेजारची ‘होम अलोन’ची तबकडी हाताळून हाताळून गुळगुळीत झाली आहे, एवढी तफावत पाहुण्याने पाहून न पाहिल्यासारखी करावी, अशी त्या घराची अपेक्षा असते.

थँक्सगिव्हिंगची सुट्टी सरली, शेजाऱ्यांच्या छपरांवर दिव्यांच्या माळा चढल्या आणि पहिला बर्फ पायरीवर टिकून राहिला, की एका शनिवारी रात्री गृहस्थ अगदी सहज सुचल्यासारखे म्हणतात, “मुलांना तो एकदा दाखवायला हवा.” मुलांना तो चित्रपट पाठ असतो. तरीही पित्याच्या भावनेला मान देऊन ती खाली येतात, मक्याच्या लाह्यांचा आपापला हिस्सा वसूल करतात, आणि मोठी कन्या अभ्यासाच्या सबबीवर, धाकटे चिरंजीव सबबीशिवायच, पहिल्या पंधरा मिनिटांत अंतर्धान पावतात. मग स्वयंपाकघरातून विचारणा होते:

“अहो, मुलं तर केव्हाच वर गेली. बंद करू का?”

“असू दे. येतील एवढ्यात.”

मुले येत नाहीत. ती येणार नाहीत हे उभय पक्षांना ठाऊक असते. परंतु दिवाणखान्यातल्या त्या रिकाम्या दोन जागा हाच गृहस्थांचा परवाना असल्यामुळे ते त्यांच्यावर पाय पसरीत नाहीत, की लाह्यांचे भांडे ठेवीत नाहीत.

‘होम अलोन’ची हकिकत जगजाहीर आहे. मॅकॅलिस्टर नावाचे खटले पॅरिसला निघते, आणि आठ वर्षांचा केविन शिकागोजवळच्या घरातच राहून जातो. तुम्ही आम्ही पाहतो तेव्हा ही केवळ गंमत असते. आमचे गृहस्थ पाहतात तेव्हा ती कागदपत्रांची छाननी असते. आदल्या रात्री मागवलेल्या पिझ्झांचे बिल एकशे बावीस डॉलर पन्नास सेंट झाले, हा आकडा त्यांना स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा लवकर आठवतो. त्या बिलाच्या वेळी खिशात हात न घालणारा फ्रँक काका पडद्यावर आला की, “हा आपल्याकडेही आहे,” असे ते दरवर्षी म्हणतात; आणि कोणाकडे, हे सौभाग्यवती दरवर्षी विचारीत नाहीत, कारण तो त्यांच्या माहेरचा असतो. पुढे सांडलेले दूध पुसताना केविनचे तिकीट कागदांच्या बोळ्यांबरोबर कचऱ्यात जाते, तेव्हा ते चित्र थांबवून तेवढा पुरावा नजरेखालून घालतात. आणि सकाळच्या गर्दीत, वाऱ्याने वीज गेल्यामुळे घड्याळे बंद पडून सारे घर धावत सुटलेले असताना, शेजारचा एक आगंतुक पोरगा मोजणीत धरला जातो, त्या प्रसंगी तर त्यांचा आनंद गगनात मावत नाही. अकराच्या अकरा मुले भरतात. बेरीज बरोबर, इसम चुकीचा! आयुष्यभर असल्याच कागदांशी झुंजलेल्या माणसाला यापरते नाट्य ते कोणते?

उत्तरार्धात दोन चोर घरात शिरतात आणि बालकाने रचलेल्या सापळ्यांत क्रमाक्रमाने सापडतात. एकाच्या तोंडावर वरून इस्त्री कोसळते, दुसऱ्याच्या टाळूवर ज्वाला येते. तापून लाल झालेली दाराची मूठ, खिडकीखाली पसरलेले काचेचे गोळे, पायरीवरचा खिळा, दोरीला बांधून सोडलेले रंगाचे डबे, असा सारा सरंजाम सिद्ध असतो. एरवी घोट्याच्या साध्या मुरगळीसाठी तीन प्रतींत वैद्यकीय दाखला मागणारा हा मनुष्य या ठिकाणी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतो. कारण इतक्या गंभीर दुखापती होऊनही एकाही बाबतीत दावा दाखल होत नाही, असे जग त्याने अन्यत्र कुठे पाहिलेलेच नसते.

भारतातून आलेल्या पाहुण्याला या भक्तीचा प्रसाद मोटारीतून मिळतो. पाहुण्याने म्युझियमची इच्छा व्यक्त केलेली असते. गाडी मात्र उत्तरेकडे विनेटका गावाच्या रोखाने धावते. वाटेत त्याला कळते की तिथले घर चित्रपटात बाहेरून दिसणारे तेच असले, तरी आतल्या बऱ्याच खोल्या न्यू ट्रिअर शाळेच्या ओस पडलेल्या इमारतीत व्यायामशाळेच्या फरशीवर उभारल्या होत्या, आणि पाण्याने भरलेले तळघर हा वस्तुतः तिथला पोहण्याचा तलाव होता. चोराच्या तोंडावर चढलेला कोळी खराखुरा होता. आणि जो पेस्ची इथे एका पोराकडून डोके भाजून घेतो, त्यालाच त्याच १९९० सालच्या ‘गुडफेलाज’मधल्या खुनशी गुंडाबद्दल ऑस्कर मिळाले. लाल विटांच्या त्या घरासमोर, रस्त्याच्या अलीकडच्या कडेला, पाहुण्याचे छायाचित्र निघते. थंडीने त्याचे नाक लाल झालेले असते. ती छटा प्रसंगाला शोभून दिसते असे सांगून गृहस्थ त्याचे समाधान करतात.

परंतु एवढ्यावरून त्यांना केवळ खोडकर समजणे अन्यायाचे होईल. एक भाग असा आहे की जो पाहताना ते बोलत नाहीत. मुलाची आठवण होताच त्याची आई परतीच्या वाटेला लागते. विमानतळावर एका वृद्ध जोडप्यापुढे कर्णभूषणेसुद्धा काढून ठेवते. पॅरिसहून डॅलस, तेथून स्क्रँटन अशी ठेचकाळत येते, आणि अखेर जॉन कँडीच्या पोल्का वाजवणाऱ्या चमूबरोबर भाड्याच्या गाडीत बसून रात्र काढते. नाताळच्या सकाळी ती घरी पोहोचते, मायलेकरांची भेट होते, आणि मागोमाग बाकीचे कुटुंब दारात हजर! ती मंडळी पुढच्या सरळ विमानाने, पूर्ण झोप घेऊन आलेली असतात. हिशेबाने पाहिले तर त्या माउलीचा सारा खर्च, सारा अट्टाहास, केवळ काही क्षणांच्या लाभासाठी झाला. आणि असला दावा कचेरीत आमच्या गृहस्थांच्या टेबलावर आला असता, तर अनावश्यक खर्च असा शेरा मारून त्यांनी तो परत पाठवला असता. इथे ते चष्मा पुसतात. बालकांना या प्रसंगी काहीच वाटत नाही. त्यांना इस्त्री हवी असते. मुलांच्या नावावर खपणारा हा माल मुळात घरापासून दूर राहणाऱ्या, वेळेवर पोहोचू न शकलेल्या आणि पोहोचूनही कोणाला काही न बोललेल्या मोठ्या माणसांसाठी तयार झालेला आहे, हे गृहस्थांना पुरते उमगलेले असते. वाईला शेवटचा फोन कधी केला होता, याचाही हिशेब ते त्याच वेळी मनात करीत असावेत, कारण चित्रपट संपताच ते घड्याळ पाहून तिकडे किती वाजले असतील ते मोजतात.

या व्यवस्थेला धोका एकच, आणि तो काळाचा. गेल्या साली कन्या सज्ञान होऊन महाविद्यालयात गेली. चिरंजिवांना मिशा फुटल्या आहेत. कायद्याने पाहता पालनकर्त्याचे नाव आता कमी व्हायला हवे. तथापि आमचे गृहस्थ बेसावध नाहीत. समोरच्या घरात नव्याने राहायला आलेल्या तेलुगू दांपत्याला चार वर्षांचा मुलगा आहे, हे त्यांनी ऑगस्टमध्येच हेरून ठेवले होते. तेव्हापासून त्या दांपत्याला शनिवारी रात्री निवांत बाहेर जेवायला जाता यावे, अशी त्यांना मनापासून कळकळ लागून राहिली आहे.

या चित्रपटाचा १९९२ साली दुसरा भाग निघाला. त्यात आई-बाप तेच, मूल तेच, चोर तेच. फरक इतकाच की मूल या खेपेला चुकीच्या विमानात बसून न्यूयॉर्कला पोहोचते. त्याविषयी गृहस्थांचे मत मी एकदा विचारले. क्षणाचाही विचार न करता कचेरीतल्या आवाजात ते म्हणाले, “पहिल्या वेळी अपघात, दुसऱ्या वेळी हयगय. दावा नामंजूर.” मात्र प्रकरण संपूर्ण तपासल्याखेरीज असा निकाल देणे नियमाला धरून होणार नाही, म्हणून तोही चित्रपट ते दरवर्षी शेवटपर्यंत पाहतात.