पाइप एक की दोन?

गावात कुणाची जुनी मॅसी १०३५ अडली की मेकॅनिकच्या आधी नाना पोचतात. नाना मेकॅनिक नाहीत. त्यांच्या हाताला ग्रीस लागलेलं कुणी पाहिलेलं नाही. पाना ते बोटानं दाखवतात, धरत नाहीत. पांढरं धोतर, कडक टोपी, हात पाठीमागे. ट्रॅक्टरभोवती एक प्रदक्षिणा होते, सीटखाली वाकून पाहणं होतं आणि मग तो ठरलेला सवाल येतो, "पाइप एक हाय का दोन?"

असे नाना सांगलीपासून जालन्यापर्यंत सापडतात. सवाल ऐकून पोरं हसतात, पण तो पोकळ नाही. डंपिंग ट्रॉलीच्या जॅकला पाइप एकच. त्यातूनच तेल जातं, ट्रॉली उभी राहते. दांडा सोडला की ट्रॉलीच्या वजनानं तेच तेल त्याच वाटेनं परत येतं. हायड्रॉलिक पलटी नांगराला मात्र दोन पाइप लागतात. एकातून तेल शिरलं की दुसऱ्यातून निघायलाच हवं. दुसऱ्याचा कपलर अर्धवट बसला असेल तर आतली गोळी उघडत नाही, तेलाला वाट मिळत नाही आणि नांगर हलत नाही. मालक मात्र पंप गेला म्हणून रडत बसतो. पाइपांची अदलाबदल झाली तर काही मोडत नाही, नांगर फक्त उलटा पलटतो. जुन्या मॅसीला असला नांगर जोडायचा तर वेगळा व्हॉल्व बसवावा लागतो. ते न सांगता नांगर गळ्यात मारणाऱ्यांचा उद्धार नाना ज्या शब्दांत करतात, ते इथं छापता येणार नाहीत.

ट्रॉली जोडली आणि लिफ्टचे रिकामे हातच वर गेले, की नाना खूश. "तेल आळशी हाय. सोपी वाट बघतं." मग हात साखळीनं खाली बांधायचा हुकूम सुटतो.

जुन्या मॅसीत हायड्रॉलिकचं आणि गिअरबॉक्सचं तेल एकच. ट्रॉली उभी राहिली की गिअरबॉक्समधलं तेल जॅकमध्ये जातं आणि उतरताना जॅकमधला गाळ घेऊन माघारी येतं. तीच ट्रॉली उद्या दुसऱ्याच्या ट्रॅक्टरला, परवा तिसऱ्याच्या. गावातल्या निम्म्या ट्रॅक्टरांची सोयरीक या ट्रॉल्यांनीच जुळवली आहे, असं नानांचं मत.

चहा आला की गाडी हॅरी फर्ग्युसनवर घसरते. तीन ठिकाणी औजार जोडून हायड्रॉलिकनं उचलायची पद्धत त्या आयरिश गड्याची. १९३८ साली त्यानं हेन्री फोर्डशी नुसता हात मिळवून करार केला, कागद नाही. १९३९ साली ट्रॅक्टर बाजारात आला, पुढं बिनसलं, कोर्टकचेरी झाली आणि १९५२ साली फोर्ड कंपनीला ९२ लाख ५० हजार डॉलर मोजावे लागले. नाना हे अशा थाटात सांगतात, जणू साक्षीदार म्हणून त्यांनाच समन्स आलं होतं. तात्पर्यही त्यांचंच, "म्हणून बांधाचा येवहार कागदावर करावा."

एका बाबतीत मात्र नाना गंमत करत नाहीत. पाइपातून बारीक फवारा उडत असेल तर तिथं बोट लावू देत नाहीत. दाबाखालचं तेल कातडी फोडून आत शिरतं आणि जखम दिसते टाचणीएवढी. त्यांना पुठ्ठा लागतो. पुठ्ठा फिरवायचा, ओला झाला की गळती तिथं. असल्या जखमेला घरगुती औषध चालत नाही, तडक दवाखाना गाठावा लागतो, हेही ते दरडावून सांगतात.

त्यांचा खरा हुकमी एक्का वेगळाच. मॅसीचा पंप तिच्या पोटात तेलात बुडालेला असतो आणि पीटीओच्या, म्हणजे मागची औजारं फिरवणाऱ्या, शाफ्टवर फिरतो. पीटीओचा दांडा न्यूट्रलला असला की पंप थांबतो आणि लिफ्ट ढिम्म. मालकानं सील बदललेलं असतं, तेल बदललेलं असतं, बायकोशी भांडण काढलेलं असतं. नाना सगळं ऐकून घेतात, दुसरा कप संपवतात आणि काठीनं दांडा ढकलतात. लिफ्ट उचलते.

तेव्हा तुमची जुनी मॅसी उचलत नसेल तर आधी तेवढा दांडा बघून घ्या. उचलली तरी नानांना निरोप धाडा आणि दांडा परत न्यूट्रलला टाकून ठेवा.