इन्व्हर्टर म्हणतो ९२

पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजारांचं अनुदान मिळतं, हे कळल्यावर गृहस्थ गच्चीवर पॅनल बसवतो. भर दुपारी पहिल्यांदा लाइट जातात तेव्हा त्याला दुसरी एक गोष्ट कळते. डोक्यावर ऊन रणरणत असतं आणि घरातला पंखा थांबलेला असतो. लाइन दुरुस्त करायला खांबावर चढलेल्या वायरमनला घराकडून उलटा झटका बसू नये, म्हणून ऑन-ग्रिड इन्व्हर्टर अशा वेळी स्वतःहून बंद पडतो. नियम शहाणपणाचा आहे. फक्त घामाघूम गृहस्थाला त्या क्षणी वायरमनबद्दल वाटायला हवी तेवढी माया वाटत नाही.

मग लाइट गेल्यावरही बॅटरीवर घर चालवणारा हायब्रिड इन्व्हर्टर येतो, आणि त्याच्या शेजारी लिथियम बॅटरी.

जुन्या ट्युब्युलर, म्हणजे लेड-ॲसिड, बॅटरीशी गृहस्थाचा घरोबा होता. झाकणं उघडायची, डिस्टिल्ड वॉटर ओतायचं, वर आलेली खूण पाहून समाधानाने हात पुसायचे. लिथियमला झाकणच नाही. आतला सगळा कारभार बीएमएस, म्हणजे बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीम, बघते. प्रत्येक सेलचा व्होल्टेज, करंट, तापमान यांवर तिची नजर. मर्यादा ओलांडली की ती बॅटरीची वाट तोडून मोकळी होते. नोटीसबिटीस काही नाही.

इन्व्हर्टर जुन्या वळणाचा असेल, किंवा बसवणाऱ्याने त्याला लेड-ॲसिडवरच ठेवलं असेल, तर तो व्होल्टेज पाहून चार्जिंगचा अंदाज बांधतो. लेड-ॲसिडला हे चालून जातं. ती जसजशी उतरते तसतसा तिचा व्होल्टेजही उतरतो. घरच्या लिथियम बॅटरीतल्या लिथियम आयर्न फॉस्फेटचं तसं नाही. शास्त्रज्ञ जॉन गुडइनफ यांच्या टेक्सासमधल्या चमूने १९९७ साली मांडलेलं हे रसायन चेहऱ्यावर काही दिसू देत नाही. ८० टक्के भरलेला सेल आणि ४० टक्के भरलेला सेल यांच्यात जेमतेम काही शतांश व्होल्टांचा फरक. त्यामुळे मोबाइलमधलं बीएमएसचं ॲप ४१ टक्के सांगतं, इन्व्हर्टर म्हणतो ९२. गृहस्थाला अर्थातच ९२ खरे वाटतात. ऐन जेवणाच्या वेळी घर अंधारात जातं तेव्हाही इन्व्हर्टरच्या मते बॅटरी उत्तम असते.

इथे पत्रिका जुळवण्याची उपमा दारात येऊन उभी राहते. पण पत्रिका न जुळता चाळीस वर्षं संसार रेटलेली जोडपी गल्लोगल्ली आहेत. इन्व्हर्टर रेटत नाही, शिट्टी वाजवतो.

उपाय एकच: बीएमएस आणि इन्व्हर्टर, दोघांना बोलतं करायचं. बोलणं बहुधा कॅन बसवरून होतं. बॉश कंपनीने १९८६ साली मोटारींच्या भागांच्या आपसातल्या बोलण्यासाठी जाहीर केलेली ही पद्धत आता जिन्याखाली येऊन राहिली आहे. केबल दिसायला थेट इंटरनेटची, म्हणून गृहस्थ राउटरची जुनी केबल आणून लावतो. खट्कन आवाज करून ती बसतेही. पण पायलॉनटेक कंपनीच्या बॅटरीत संदेश ४ आणि ५ क्रमांकाच्या पिनांवरून निघतात, आणि व्हिक्ट्रॉन कंपनीच्या व्हीई कॅन खोबणीला ते ७ आणि ८ वर हवे असतात. एक बोलतो, दुसऱ्याच्या कानापर्यंत काही पोचत नाही. त्यासाठी वेगळी केबल विकत मिळते, हे सांगायला कोणाला वेळ नसतो.

केबल बरोबर लागली तरी भाषेचा प्रश्न राहतो. बाजारात पायलॉनटेकची बोली इतकी रुळली आहे, की कुठल्याही कारखान्यात जन्मलेली बॅटरी सेटिंगमध्ये तीच निवडून बसते. काही बॅटऱ्या तर इन्व्हर्टरने नाव विचारलं की बेधडक 'पायलॉन' सांगतात! त्यात गैर काही नाही, काम होतं.

'४८ व्होल्ट' हा शिक्काही जरा सैलच असतो. त्याखाली १५ सेलची बॅटरीही विकतात आणि १६ सेलचीही. १६ सेलना चालणारे ५६ व्होल्ट १५ सेलच्या बॅटरीला दिले, तर प्रत्येक सेलच्या वाट्याला ३.७३ येतात. कमाल मर्यादा ३.६५ ची. बीएमएस तडक दार लावते.

सर्वांत बहारदार प्रसंग मात्र बॅटरी पार उतरल्यावरचा. तिला वाचवण्यासाठी बीएमएसने वाट तोडलेली असते. इन्व्हर्टरला टर्मिनलवर व्होल्टेज दिसत नाही, म्हणून बॅटरीच नाही असं समजून तो चार्जिंग देत नाही. चार्जिंग येत नाही, म्हणून बीएमएस उघडत नाही. गच्चीवर लख्ख ऊन, खाली दोघेही आपापल्या नियमाने बरोबर. काही इन्व्हर्टरांत अशा झोपलेल्या बॅटरीला जागं करायची सोय असते. ती कुठल्या मेनूत आहे ते बसवणाऱ्यालाच माहीत, आणि त्याचा फोन लागत नाही. बॅटरीवाला म्हणतो इन्व्हर्टरची सेटिंग बघा, इन्व्हर्टरवाला म्हणतो बॅटरीवाल्याला विचारा.

तेव्हा खरेदीआधी इन्व्हर्टर कंपनीची चालणाऱ्या बॅटऱ्यांची यादी मागा आणि तिच्यात आपलं मॉडेल शोधा. बसवून झाल्यावर दोन्ही पडद्यांवर एकच टक्केवारी दिसेपर्यंत शेवटचा हप्ता खिशात ठेवा. चहा मात्र आधी द्यायला हरकत नाही.