राजधानीतील विधिपंडितांस रत्नागिरीहून अनावृत पत्र

राष्ट्रसुरक्षेच्या कायद्यावरील संशोधन व लेखनाकरिता विद्यार्थी मागविणारे राजधानीस्थ विद्वान महोदय यांसी,



माझ्या भाच्याची चार आठवड्यांच्या इंटर्नशिपसाठी निवड झाल्याचे आपले कृपापत्र पावले. वेतनाच्या रकान्यात शून्य, कामाच्या रकान्यात ‘संशोधन व लेखन’ आणि प्रसिद्ध होणाऱ्या लेखावर नाव मात्र आपले, अशी त्यात जी व्यवस्था लावली आहे, ती वाचून न्यायालयाच्या दप्तरात उभी हयात घालविलेल्या मज निवृत्त शिरस्तेदाराचा ऊर भरून आला. आमच्या काळी, पुढेमागे कारकुनाची जागा मिळेल या आशेवर कचेरीत फुकट खर्डे उतरविणाऱ्या पोराला ‘उमेदवार’ म्हणत. आपण त्या पोराचे इंग्रजी बारसे केलेत आणि आशा तेवढी वजा केलीत.

भाच्यास नाही म्हणण्याची सोय नाही. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमास किमान १२ आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमास किमान २० आठवडे असे काम करावेच लागते. ते रत्नागिरीच्या कोर्टातही करता येते. परंतु तेथे कुळकायदा आणि बांधाचे तंटे, राष्ट्राची सुरक्षा नव्हे. तेव्हा दिल्लीचे भाडे आणि खानावळ ज्याच्या बापाला परवडेल, त्याच्याच लेकाने राष्ट्राच्या सुरक्षेची चिंता वाहावी, ही आपली योजना सुरक्षित खरीच.

आता थोडे विषयांतर करतो. निवृत्ताला ती मुभा असते. इंग्रजीत ‘इंटर्न’ हा शब्द शिकाऊ उमेदवाराला लागतो, तसाच सरकारने एका जागी जखडून ठेवलेल्या माणसालाही लागतो, आणि या दुसऱ्या अर्थाचे इंटर्न पाहण्याचा मान आमच्या गावाला आपल्या संस्थेच्या जन्मापूर्वीच लाभला आहे. ब्रह्मदेशाचा राजा थिबा १८८६ साली येथे आणला गेला. कोणत्याही न्यायासनापुढे त्याचा खटला चालला नाही, शिक्षेची मुदत कोणी उच्चारली नाही, आणि तरी तीस वर्षांनी, १९१६ च्या डिसेंबरात, तो येथेच मरण पावला. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा १९१० साली पुरा झाला, म्हणजे मालकाला उणीपुरी सहा वर्षे लाभला. त्यानंतर १९२४ च्या जानेवारीत वि. दा. सावरकर येथे स्थानबद्ध झाले: सरकारच्या परवानगीवाचून जिल्ह्याबाहेर जायचे नाही, राजकारणात पडायचे नाही, मुदत पाच वर्षे, आणि ती मुदत वाढत वाढत १९३७ च्या मे महिन्यापर्यंत लांबली.

या दोघांचे हाल मी आपल्या चार आठवड्यांशी तोलीत नाही. तेवढी विवेकबुद्धी कोकणी माणसाला असते. परंतु हिशेबाचा माणूस म्हणून एक नोंद करणे भाग आहे. थिबाला तनखा होता, पुरत नाही म्हणून तो तक्रारी करी हा भाग वेगळा. सावरकरांना १९२९ पासून दरमहा ६० रुपये निर्वाहभत्ता मिळे. ज्यांच्यापासून साम्राज्याला धोका वाटत होता, त्यांच्या पोटाची काही तजवीज त्या परकीय सरकारनेही केली. आपण ज्याच्या हातून साम्राज्याच्या वारस कायद्यांचा अभ्यास करून घेता, त्याला एक प्रमाणपत्र आणि चहा!

चहाचे सोडा, त्याला आपण शिकविणार काय, हा माझा मूळ प्रश्न. १९८० चा राष्ट्रीय सुरक्षा कायदा, म्हणजे रासुका, मी चष्मा लावून दोनदा वाचला. खटल्यावाचून बारा महिन्यांपर्यंत माणूस अटकेत राहू शकतो. कारणे सामान्यतः पाच दिवसांत कळवावीत, परंतु जी हकीकत उघड करणे लोकहिताविरुद्ध वाटेल, ती कळविण्याची सक्ती नाही. आणि अटकेची छाननी करणाऱ्या सल्लागार मंडळापुढे त्या माणसाला वकिलामार्फत बोलण्याचा हक्क नाही. अशी तरतूद राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ च्या आश्रयाने उभी आहे, हेही मी जाणतो, आणि राज्याला शत्रू नसतात अशा भाबडेपणात मी नाही. परंतु आपण विद्यार्थ्यांना दिलेल्या विषयांची यादी पाहता, प्रत्येक विषयात हुकूम काढणाऱ्याची अडचण आहे. ज्याच्या हाती हुकूम पडतो, त्याची अडचण एकाही विषयात नाही.

सबब विनंती अशी, की भाच्यास दिल्लीचे भाडे निघेल इतके विद्यावेतन द्यावे; ते शक्य नसल्यास आपल्या उमेदवारांपैकी दोघांना इकडे पाठवावे, राजवाडा मी स्वतः दाखवीन, जेवणखाण आमच्याकडे, पावसाळा तेवढा टाळावा. आणि भाचा तिकडे आलाच, तर ज्याला मंडळापुढे वकील मिळत नाही, त्याच्या बाजूचे टिपण आपल्या कार्यालयात कोण लिहितो, एवढे त्याला पहिल्या दिवशी सांगावे. कोणी लिहीत नसेल, तर ते काम त्याला द्यावे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त शिरस्तेदार
मुक्काम रत्नागिरी