नाना आणि नापसंत स्थळं

ह्यूस्टनहून कानकुन काही लांब नाही. शिवाय अमेरिकेचा व्हिसा असला की मेक्सिकोचा वेगळा काढावा लागत नाही. एवढ्या भांडवलावर आमच्या मंडळातली माणसं डिसेंबरची तिकिटं काढून मोकळी होतात आणि मग म्हणतात, "चला, नानांना विचारून येऊ." बुकिंग झाल्यावर नानांना विचारणं म्हणजे साखरपुड्यानंतर पत्रिका दाखवणं.

नाना तेल कंपनीतून निवृत्त झाले आणि माया संस्कृतीच्या मागे लागले. या विषयावर त्यांनी इतकं वाचलंय की प्रत्यक्ष जायला वेळच उरला नाही.

"चिचेन इत्सा?" चष्मा कपाळावर जातो. "चारी बाजूंना 91 पायऱ्या, वरची एक धरून 365. वर्षाचे दिवस. पण चढू देतात का? नाही! खालूनच मोजायच्या तर इथे सोफ्यावर बसून मोजा. आणि ते विक्रेते जग्वारच्या डरकाळीची शिट्टी वाजवत मागे लागतात, ते वेगळंच."

कुणी पालेंकेचं नाव काढलं तर नाना क्षणभर हळवे होतात. पाकाल राजाचं थडगं तिथल्या मंदिराच्या पोटात सापडलं ते 1952 साली. मात्र हळवेपणा फार टिकत नाही. "राजा आत, तिथे आपल्याला सोडत नाहीत. त्याचा हिरव्या दगडाचा मुखवटा मेक्सिको सिटीच्या संग्रहालयात. माणूस एकीकडे, तोंड दुसरीकडे. दर्शन घ्यायचं कुणाचं?"

होंडुरासमधल्या कोपानला तर ते जाऊच देत नाहीत. तिथल्या जिन्यावर दोन हजारांहून जास्त चित्राक्षरं कोरलेली आहेत. माया लोकांचा एवढा लांब शिलालेख दुसरा नाही. पण जिना ढासळला होता आणि 1930च्या दशकात पुन्हा रचताना बऱ्याच पायऱ्यांचा मूळ क्रम कुणालाच ठाऊक नव्हता. "वाचायला घ्याल तर नातू आधी जन्मेल आणि आजोबा नंतर," नाना बजावतात. समोरच्याला मराठी मजकूरसुद्धा चष्म्याशिवाय वाचता येत नसतो, पण तो गंभीरपणे मान हलवतो.

ग्वाटेमालातल्या टिकालला विरोध आहे तो मात्र खासगी. 695 साली टिकालच्या राजाने कलाकमुलचा पराभव केला, तो नानांना अजून पचलेला नाही. नाना कलाकमुलच्या बाजूचे. का, ते विचारायची सोय नाही. टिकालच्या देवळांचं चित्रीकरण 'स्टार वॉर्स'मध्ये आहे म्हटलं की ते फक्त "हं" म्हणतात. त्या "हं"मध्ये फितुरीचा वास असतो.

काकूंचा प्रश्न मात्र एकच. "अहो, समुद्र कुठे आहे?"

समुद्र तुलुमला आहे. कड्यावर देवळं, खाली कॅरिबियनचं निळं पाणी. नानांचा तुलुमवर आक्षेप असा की ते फार उशिराचं. टिकाल, पालेंके ओस पडल्यावर काही शतकांनी भरभराटीला आलेलं. "पडत्या काळातलं बांधकाम!"

"आपलं तरी कुठल्या काळातलं चाललंय?" काकू म्हणतात आणि पोहण्याचे कपडे बॅगेत भरतात. बॅग दरवर्षी भरली जाते आणि दरवर्षी रिकामी होते, कारण नानांचा अभ्यास पूर्ण झालेला नसतो.

नानांच्या मनात भरलेलं स्थळ एकच, कलाकमुल. हमरस्ता सोडून साठेक किलोमीटर जंगलातून आत जायचं, डोक्यावर माकडांचा आरडाओरडा, माणूस औषधालाही नाही. हे वर्णन ऐकून सगळे "वा!" म्हणतात आणि कानकुनच्या रिसॉर्टवर जाऊन बुफेच्या रांगेत उभे राहतात.

गेल्या वर्षी मात्र एका तरुण जोडप्याने नानांचा शब्द खरा मानला. दोघं कलाकमुलला गेले. उंच पिरॅमिडवर चढले. क्षितिजापर्यंत जंगल, आसपास कुणी नाही. संक्रांतीच्या तिळगुळाला त्यांनी मंडळात फोटो दाखवले, नानांचे जाहीर आभार मानले, लोकांनी टाळ्याही वाजवल्या. पाडव्यापर्यंत चार घरांची कलाकमुलची बुकिंगं झाली.

त्यानंतर मी सहज विचारलं, "काय नाना, यंदा कलाकमुल नक्की ना?"

"छे! त्यात आता काही राहिलं नाही. सगळेच जायला लागले. शिवाय त्या बाजूला आता रेल्वेही झालीय." मंडळाच्या दुसऱ्या मजल्यावर जायला नानांना लिफ्ट लागते, तिचं बटण त्यांनी दाबलं. "त्यापेक्षा ग्वाटेमालातलं एल मिराडोर बघा. जंगलातून दोन दिवस चालत जायचं, दोन दिवस चालत यायचं. रस्ताच नाही!"