आमच्या वेळची वसई

वसई-विरारच्या कुठल्याही सोसायटीत संध्याकाळी सहाला खाली उतरा. वॉचमनच्या खुर्चीत जे बसलेले असतात ते वॉचमन नसतात. वॉचमन शेजारी उभा असतो. खुर्चीत असतात ते भाऊ.

भाऊ अस्सल वसईकर. बाकीचे तुम्ही-आम्ही बाहेरचे. तीस वर्षं इथे काढा, मुलांची लग्नं इथल्याच हॉलमध्ये लावा, तरी बाहेरचेच. १७३९ साली चिमाजीअप्पांबरोबर जे आले, त्यांना भाऊ थोडंफार जवळचं मानतात. कुणी 'वसई स्टेशन' म्हटलं की ताबडतोब दुरुस्ती येते, "बेसीन रोड म्हण!"

आधार कार्डावर भाऊंचा जन्म १९५२चा आहे. आठवणी मात्र त्याच्या बऱ्याच आधी सुरू होतात. बेसीन रोडच्या फलाटावर एका गोऱ्या साहेबाने त्यांच्या हातावर बिस्किट ठेवलं होतं. साहेब १९४७ सालीच गेला असं हळूच सुचवलं, तर "एखादा मागे राहिला असेल" असं म्हणून भाऊ मोकळे होतात. नवे पैसे १९५७ साली आले, पण भाऊंच्या बालपणात ते शेवटपर्यंत चालले नाहीत. मॅट्रिकची फीसुद्धा ते आण्यांतच सांगतात.

पण वाडीचा विषय निघाला की भाऊंना अडवू नये. पहाटे रहाटाची कुरकुर, बैलाच्या चालीवर वर येणारी गाडगी, पाटाने केळीच्या आळ्यापर्यंत धावणारं पाणी आणि त्याच्या पुढे पळणारे भाऊ. पानवेलीच्या मांडवातला गारवा. राजेळी केळी सोलून उन्हात घालायची, सुकेळी राखायला मुलांना बसवायचं आणि मग सुकेळी कमी का भरली म्हणून त्यांनाच बडवायचं. पहाटेच्या लोकलने दादरला फुलं घेऊन जाणाऱ्या बायका. इथे भाऊ फारसं वाढवून सांगत नाहीत. वॉचमनसुद्धा ऐकत उभा राहतो. (त्याला दुसरा इलाजही नसतो म्हणा.)

विहीर तेवढी दर पावसाळ्यानंतर खोल होते. मी राहायला आलो तेव्हा ती पाच पुरुष होती, परवा अकरावर गेली. आठवणींना एफएसआय नसतो. पूर्वी नुसते माडावर चढणारे भाऊ हल्ली त्याच माडावरून अर्नाळ्याचा किल्ला बघून येतात.

ही विहीर आता बी विंगच्या पार्किंगखाली आहे. बिल्डिंगचं नाव 'ग्रीन व्हॅली'. वसईच्या सपाटीवर बिल्डरला व्हॅली कुठे दिसली देव जाणे. वाडी विकली कुणी, हा प्रश्न नवीन भाडेकरू हटकून विचारतो. जुने लोक त्या वेळी मोबाइलमध्ये बघायला लागतात. भाऊंना तीन फ्लॅट आणि रस्त्यावरचा गाळा मिळालेला सगळ्यांना ठाऊक आहे. पण भाऊ डगमगत नाहीत.

"तुम्ही घ्यायला आलात म्हणून तर विकावी लागली!"

आणि पाण्याचा टँकर आला की गेटपर्यंत पुढे होऊन पाइप कुठे लावायचा तेही भाऊच दाखवतात. "इथे लाव. इथे आमचा पाट होता."

आता बिल्डिंगचं प्लास्टर पडायला लागलंय. गेल्या रविवारी पुनर्विकासाची सभा झाली. कार्पेट किती वाढवून देणार, हा पहिला प्रश्न भाऊंचा. दुसरा गाळ्याबद्दलचा, तोही त्यांचाच. ठराव एकमताने मंजूर झाला. संध्याकाळी भाऊ खुर्चीत येऊन बसले, चार मजल्यांवरून सावकाश नजर फिरवली आणि वॉचमनला म्हणाले,

"आमच्या वेळी या बिल्डिंगला असा वारा यायचा म्हणून सांगू!"